माळवं ओळखावं, मग फोडणीला टाकावं

सोनई हे नेवासे तालुक्यातले गाव बाहेरच्या माणसाला ठाऊक असते ते मुळा सहकारी साखर कारखान्यामुळे, नाहीतर शेजारच्या शनिशिंगणापूरमुळे. गावाभोवती नजर टाकली तर ऊसच ऊस दिसतो. पण त्याच उसाच्या वरंब्यावर कोथिंबीर उगवलेली असते, विहिरीजवळच्या चार वाफ्यांत मेथी आणि लसूण असतो, बांधावर घेवड्याचा वेल आणि शेवगा असतो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या या पाटपाण्याच्या पट्ट्यात भाजी आणि चूल यांच्यात अंतर फार थोडे आहे. म्हणून भाजी नीट ओळखून शिजवायची कशी, हे समजून घ्यायला सोनईसारखे गाव चांगले.

पाककृतीच्या पुस्तकात भेंडीची एकच कृती असते. शेतात मात्र सोमवारी तोडलेली भेंडी आणि झाडावर राहून गेल्याने गुरुवारी तोडलेली भेंडी या दोन वेगळ्या भाज्या असतात. पहिली नुसत्या परतण्याने होते, दुसरी कितीही शिजवली तरी दाताला दोरे लागतात. भाजीचे वय, तिचा हंगाम आणि ती झाडाचा कोणता भाग आहे या तीन गोष्टी कळल्या की ती कशी करायची ते बहुतेक वेळा आपोआप सुचते. या लेखाचे सांगणे एवढेच आहे.

पाटाचे पाणी आणि भाजीचे दिवस

राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरजवळ मुळा नदीवर धरण आहे. त्याच्या जलाशयाला ज्ञानेश्वर सागर म्हणतात आणि त्याची साठवण क्षमता २६ टीएमसी आहे. धरणाचा उजवा कालवा राहुरीतून नेवासे तालुक्यात येतो आणि पुढे शेवगाव-पाथर्डीकडे जातो. हा भाग पर्जन्यछायेतला, पाऊस बेताचा. त्यामुळे शेतीचे वेळापत्रक पावसाइतकेच कालव्याच्या आवर्तनावर चालते. पाट सुटला की विहिरींना पाझर लागतो आणि त्या बळावर भाजीचे वाफे टिकतात.

मेथी आणि पालक साधारण महिन्याभरात काढणीला येतात, कोथिंबीर चाळीस-पंचेचाळीस दिवसांत. एवढ्या थोड्या दिवसांचे पीक उसात सहज बसते. लागणीनंतरचे पहिले तीन महिने ऊस सावकाश वाढतो, सरीत भरपूर ऊन पोहोचते. त्या काळात वरंब्यावर कोथिंबीर, मेथी, मुळा, कांदा, कोबी किंवा फ्लॉवर घेतात. ऊस कारखान्याला जायला वर्ष-दीड वर्ष लागते. तोवर आंतरपिकाचे पैसे खत-खुरपणीच्या कामी येतात. सोनईच्या बाजारात हिवाळ्यात दिसणाऱ्या जुड्यांमागे हे गणित असते.

हंगामाचा फेराही लक्षात ठेवण्यासारखा आहे. पावसाळ्यात भेंडी, गवार, दोडके, कारले आणि वेलावरच्या इतर भाज्या. थंडीत मेथी, पालक, चाकवत, मुळा, गाजर, कोबी, फ्लॉवर, वाटाणा, पावटा, घेवडा. उन्हाळ्यात काकडी, पुन्हा भेंडी-गवार आणि चाळीतला कांदा. हंगामात भाजी स्वस्त असते, शिवाय चवीलाही सरस असते. थंडीत कोबीचा गड्डा घट्ट भरतो, गाजरात साखर साचते. उन्हाचा ताण बसला की मुळा तिखट आणि पोकळ होतो, मेथी-पालक लवकर फुलावर येतात आणि पाने कडवट लागतात.

ही झाडाची पाने, की फळ, की बी?

आपण सगळ्यालाच भाजी म्हणतो, पण झाडाच्या दृष्टीने मेथी म्हणजे पाने, फ्लॉवर म्हणजे फुलोऱ्याचा गड्डा, भेंडी आणि दोडके म्हणजे अर्धवट वाढलेली फळे, वाटाणा म्हणजे ओले बी, आणि कांदा म्हणजे पुढच्या वर्षासाठी अन्न साठवलेली पाने. प्रत्येक भागाचे काम निराळे, म्हणून त्याचा स्वभावही निराळा.

पानांचा श्वसनाचा वेग मोठा असतो, त्यांतले पाणी लवकर उडते. म्हणून पालेभाजी सकाळी काढून त्याच दिवशी खावी हे उत्तम. मटार आणि ओले पावटे यांच्यातली साखर तोडणीनंतर पिठूळ स्टार्चमध्ये बदलू लागते. शेतात शेंग सोलून खाल्लेला दाणा गोड लागतो आणि दोन दिवसांनी तोच मटार बेचव लागतो, त्याचे कारण हेच. कांदा, लसूण, गाजर हे साठवणीचे भाग असल्याने ते धीराने टिकतात.

कोवळ्या फळभाज्यांचे सगळे यश तोडणीच्या दिवसावर आहे. भेंडीची शेंग फूल उमलल्यानंतर पाच-सात दिवसांत तोडण्याजोगी होते, म्हणून शेतकरी एक दिवसाआड तोडा करतो. एक तोडा चुकला की शेंगेत लिग्निन नावाचे कठीण द्रव्य साचते. भाजी शिजवताना पेक्टिन विरघळते आणि भाजी मऊ होते, पण लिग्निनवर उष्णतेचा काही परिणाम होत नाही. त्यामुळे जून भेंडी कुकरमध्ये घातली तरी जूनच राहते.

बाजारात हे हाताने तपासता येते. भेंडीचे टोक वाकवल्यावर कट्‌कन मोडले पाहिजे. नुसते वाकले तर ठेवून द्यावी. गवारीची शेंग मध्ये मोडताना शिरा लोंबल्या तर ती निबर. दुधीच्या सालीत नख सहज रुतावे आणि हातात तो आकाराच्या मानाने जड लागावा. दोडक्याच्या शिरा हिरव्या आणि लवचिक असाव्यात. काकडीचा मधला भाग फुगून पिवळसर झाला असेल तर बिया भरल्या आहेत असे समजावे. मुळ्याची पाने ताजी असतील तर मुळाही ताजा. ती पाने टाकू नयेत, त्यांची भाजी होते, आणि मुळा फुलावर आल्यावर लागणाऱ्या डिंगऱ्यांचीही होते.

जून भाजी वायाच जाते असे नाही. जून दोडक्याच्या शिरांची चटणी होते, निबर घेवड्याचे दाणे सोलून आमटीत जातात. फक्त तिला कोवळ्या भाजीची कृती लावू नये.

वांगे: एका नावाच्या अनेक भाज्या

वांगे मूळचे आपल्याच उपखंडातले. मिरची, टोमॅटो, बटाटा हे अमेरिका खंडातून पोर्तुगीज आणि इतर दर्यावर्दींबरोबर गेल्या चार-पाचशे वर्षांत आले. वांगे त्याआधी कितीतरी काळ इथे होते. म्हणूनच त्याचे वाण गावागणिक बदलतात. पुण्याजवळच्या मांजरीचा ‘मांजरी गोटा’ गोल, जांभळा आणि पांढऱ्या पट्ट्यांचा. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सोनईच्या शेजारी राहुरीला १९६८ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने, म्हणजे आजच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने, भरतासाठी ‘फुले हरित’ हा हिरव्या, मोठ्या फळाचा वाण दिला, आणि ‘कृष्णा’ हा संकरित वाणही दिला.

लहान, काटेरी देठाचे, घट्ट वांगे मसाला भरून शिजवण्यासाठी. मोठे, कमी बियांचे वांगे भाजण्यासाठी. याचे कारण वांग्याच्या गरात आहे. हा गर स्पंजसारखा, हवेच्या पोकळ्यांनी भरलेला असतो. थेट तेलात टाकला की त्या पोकळ्या तेल शोषून घेतात. आधी आचेवर भाजले किंवा झाकण ठेवून वाफवले की पोकळ्या खचतात आणि थोड्या तेलात काम भागते. भरीत करताना साल पूर्ण करपेपर्यंत भाजावे लागते, कारण सालीखालच्या वाफेवरच आतला गर शिजतो आणि धुराचा वासही त्यातच मुरतो.

वांगे चिरल्यावर काळे पडते ते त्यातल्या फिनॉल द्रव्यांचा हवेशी संबंध आल्यामुळे. फोडी लगेच मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. निवडताना साल तुकतुकीत आणि देठ हिरवा पाहावा. साल निस्तेज झाली, दाबल्यावर खळगा तसाच राहिला तर आत बिया जून झालेल्या असतात आणि अशा वांग्याला कडवट चव येते.

नगरकडच्या भरल्या वांग्यात शेंगदाण्याचा कूट, तीळ, सुके खोबरे, लसूण आणि काळा मसाला लागतो. हे तेलबियांचे वाटण रस्सा दाट करते आणि वांग्याच्या फिक्या गराला अंग देते. सोबत ज्वारी-बाजरीची भाकरी असली की जेवण पुरे होते.

न पेरता उगवणाऱ्या भाज्या

खुरपणी करणाऱ्या बायांच्या ओट्यात संध्याकाळी जी भाजी घरी येते, तिला बाजारात फारसा भाव नसतो. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, कुर्डू, पाथरी. हिवाळ्यात गहू-हरभऱ्याच्या रानात चाकवत. पिकाच्या हिशेबात हे तण, पण ताटात त्यांची किंमत मोठी आहे.

घोळीची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. तिची पाने मांसल असतात. पाण्याचा ताण पडला की ती रात्री हवा आत घेते आणि त्यातला कार्बन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते. दिवसा ते आम्ल वापरून टाकते. त्यामुळे पहाटे खुडलेली घोळ दुपारच्या घोळीपेक्षा आंबट लागते. तिच्यात ओमेगा-३ गटातले अल्फा-लिनोलेनिक आम्लही असते, जे पालेभाज्यांत एवढ्या प्रमाणात क्वचित सापडते. मात्र घोळ, पालक, चाकवत, अळू यांत ऑक्झॅलेट बरेच असते. या भाज्या ताकात किंवा दह्यात करण्याची आपली पद्धत त्या दृष्टीने शहाणपणाची आहे, कारण दुधातले कॅल्शियम ऑक्झॅलेटला बांधून ठेवते आणि ते शरीरात कमी शोषले जाते. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी तरीही या भाज्या डॉक्टरांना विचारूनच खाव्यात.

पेरलेल्या पिकातूनही अशी आयती भाजी मिळते. हरभऱ्याची भाजी त्यातलीच. पेरणीनंतर महिन्याभराने शेंडे खुडले की झाडाला फांद्या जास्त फुटतात, म्हणजे खुडणीने पिकाचेही भले होते आणि घराला भाजी मिळते. पानांवरच्या बारीक लवेतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरते; हीच हरभऱ्याची आंब. ही भाजी वाळवून वर्षभर ठेवण्याची रीत आहे. जिरायती रानात करडईची विरळणी करताना उपटलेल्या कोवळ्या रोपांची भाजी होते. तेच झाड मोठे झाले की काट्यांमुळे हात लावता येत नाही. अंबाडीची आंबट पाने ज्वारीच्या कण्या घालून शिजवतात आणि वरून लसणाची फोडणी देतात. कण्या आंबटपणाला सौम्य करतात आणि पोटही भरतात.

रानभाजी खुडताना एक पथ्य पाळावे. तणनाशक फवारलेल्या रानातली किंवा सांडपाण्याच्या कडेची भाजी घेऊ नये, आणि जी वनस्पती जाणत्या माणसाने ओळखून दिलेली नाही ती खाऊ नये.

चुलीवर काय घडते

कृती पाठ करण्यापेक्षा चार कारणे लक्षात ठेवली तर कोणतीही भाजी हाताळता येते.

पहिले कारण आंबटाचे. चिंच, टोमॅटो, आमसूल आधीच घातले तर भाजीतले पेक्टिन लवकर विरघळत नाही आणि फोडी कच्च्या राहतात. म्हणून बटाटा, गवार, डाळ आधी शिजू द्यावी आणि आंबट शेवटी घालावे. भेंडीत मात्र आंबट उपयोगी पडते, कारण त्याने तिची तार कमी होते. भेंडी धुऊन, पूर्ण कोरडी करून मगच चिरावी. पाणी लागले की तार वाढते. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही याचे कारणही जवळचेच: पाण्यातले कॅल्शियम पेक्टिनला घट्ट धरून ठेवते. अशा वेळी डाळ भिजवून घ्यावी आणि मिळाल्यास हलके पाणी वापरावे.

दुसरे रंगाचे. पालेभाजी झाकण ठेवून बराच वेळ शिजवली की तिच्यातून निघणारी आम्ले वाफेबरोबर बाहेर न जाता भांड्यातच राहतात आणि हिरवा रंग मातकट होतो. उघड्या भांड्यात, मोठ्या आचेवर थोडा वेळ परतावी. रंग टिकवण्यासाठी सोडा घालू नये. त्याने भाजी लगदा होते आणि क जीवनसत्त्व जाते.

तिसरे तेलाचे आणि लिंबाचे. गाजर आणि हिरव्या पानांतले कॅरोटीन शरीरात शोषले जायला स्निग्ध पदार्थ लागतो, म्हणून फोडणीचे तेल हे चवीपुरते नसते. पालेभाजीतले लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व मदत करते; जेवताना वरून लिंबू पिळण्याचा हा फायदा. लिंबू शिजताना न घालता ताटात पिळावे, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते.

चौथे कांदा-लसणाचे. त्यांचा उग्रपणा पेशी फुटल्यावरच तयार होतो. अख्खी लसूण पाकळी सौम्य असते. ठेचली की आतले द्रव्य आणि विकर एकत्र येऊन ॲलिसिन बनते. खर्डा खलबत्त्यात ठेचतात त्याची चव मिक्सरमधल्या गुळगुळीत वाटणाला येत नाही. कांद्यातही हंगाम पाहावा. खरिपाच्या कांद्यात पाणी जास्त, तो टिकत नाही आणि लवकर मऊ होतो. उन्हाळी कांदा सुका, पापुद्र्यांचा, चाळीत काही महिने टिकणारा आणि खमंग परतला जाणारा. ‘बसवंत ७८०’ हा खरिपाचा वाण राहुरी विद्यापीठाच्याच संशोधनातून आला; ‘एन-२-४-१’ हा साठवणीचा रब्बी, म्हणजे उन्हाळी, वाण आहे. सोनईच्या जवळ घोडेगावला कांद्याचा मोठा बाजार भरतो.

कडू दुधी टाकून द्या

एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे, म्हणून वेगळी सांगावी लागते. दुधी, दोडके, काकडी या वेलवर्गीय भाज्यांत कधीकधी कुकुर्बिटासिन नावाची विषारी कडू द्रव्ये तयार होतात. कडू दुधीच्या रसाने उलट्या, रक्तस्राव आणि मृत्यूही झाले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या कृती गटाने २०१२ मध्ये या प्रकरणांचा आढावा प्रसिद्ध केला आणि कडू रस अजिबात पिऊ नये असे सांगितले. चिरल्यावर एक लहान तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर थुंकून टाकावा आणि ती भाजी फेकून द्यावी. शिजवून, मीठ-गूळ घालून हा कडूपणा झाकू नये. कारले जन्मजात कडू असते, त्याची गोष्ट निराळी.

शेतापासून फळीपर्यंत

वांगी, भेंडी, काकडी, दुधी, टोमॅटो ही उष्ण हवेतली फळे. फ्रिजच्या फार थंड कप्प्यात त्यांच्यावर डाग पडतात, टोमॅटोची चव जाते. दोन-तीन दिवसांत संपणार असतील तर ती सावलीत, हवेशीर टोपलीत ठेवावीत. पालेभाजी निवडून, न धुता, ओलसर फडक्यात गुंडाळून थंड जागी ठेवावी आणि करताना धुवावी. कोबी-फ्लॉवर चिरून कोमट मिठाच्या पाण्यात ठेवले की अळ्या बाहेर पडतात.

फवारणीचा प्रश्न टाळून चालणार नाही. प्रत्येक कीटकनाशकाच्या माहितीपत्रकावर फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करायची ते दिलेले असते. वाहत्या पाण्यात चोळून धुतल्याने वरवरचे अंश बरेच निघतात. झाडाच्या आत शिरणाऱ्या औषधांचे निघत नाहीत. त्यामुळे खरा बचाव शेतातच होतो. थेट शेतकऱ्याकडून भाजी घेण्याचा मोठा लाभ हा, की त्याला समोरासमोर विचारता येते. गिऱ्हाईक विचारू लागले आणि नीट वाट पाहून तोडलेल्या भाजीला दोन पैसे जास्त देऊ लागले, तर शेतकऱ्यालाही वाट पाहणे परवडते.

बी आपल्या हातात राहावे

याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावात राहीबाई पोपेरे यांनी घेवडा-वालासह अनेक पिकांचे गावरान बियाणे जपले. त्यांच्या या कामासाठी २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी बियाण्यांची जी बँक उभी केली, ती शेतीतज्ज्ञांनाही मोलाची वाटते.

संकरित वाणाला भरपूर आणि एकसारखे उत्पन्न येते, बाजारासाठी शेती करणाऱ्याला त्याची गरज आहे. पण संकरित फळाचे बी धरून पुढच्या वर्षी पेरले तर सारखी झाडे येत नाहीत. गावरान किंवा सुधारित सरळ वाणाचे बी घरी धरता येते. परसबागेसाठी असेच वाण निवडावेत: एक निरोगी दुधी, एक दोडका, घेवड्याच्या चार शेंगा वेलावरच पूर्ण वाळू द्याव्यात आणि बी राखेत घोळून ठेवावे. घेवड्याचे बी त्याच गुणाचे पुढे येते. दुधी-दोडक्याचे वाण शेजारी वेगळे असतील तर संकर होतो, म्हणून एका जागी एकच वाण लावावा.

पुढच्या आठवडे बाजारी भाजीवाल्या मावशींना तीन प्रश्न विचारा: भाजी कधी तोडली, शेवटची फवारणी कधी झाली, आणि तुमच्या घरी ही कशी करतात? ज्या भाजीचे नाव तुम्हाला येत नाही तिची एक जुडी दर आठवड्याला घ्या. मुलांना निवडायला सोबत बसवा आणि भेंडीचे टोक त्यांच्याच हातांनी मोडू द्या. जी भाजी घराघरांत ओळखली जाते तिलाच गिऱ्हाईक मिळते, आणि जिला गिऱ्हाईक मिळते तीच शेतात टिकते.